चाकाच्या झाकणातलं आभाळ

सर,

मागच्या आठवड्यात तुमची मुलगी घरी येऊन गेली. नर्सची नोकरी करून ती रिटायर झाली आणि हिंगोलीतच राहते हे मला ठाऊक होतं, पण एका गावात राहून मी कधी तिच्या दारात गेलो नाही. काहून गेलो नाही ते पुढं येईलच. ती रिक्षातून एक पत्र्याची पेटी घेऊन आली. पेटीत तुमची आभाळाची वही होती, निगेटिव्हची पाकिटं होती आणि तळाला जुन्या जीपच्या चाकाचं ते गंजलेलं झाकण होतं. घर रंगवायला काढलंय, जागा होत नाही, असं म्हणाली. मग पदरानं वहीवरची धूळ पुसत तिनं विचारलं, "बाबा म्हणायचे, फोटोचं काही असंल तर तुमालाच विचारावं. ही वही ठेवू का रद्दीत घालू, तेवढं सांगा." मी चहाचं निमित्त करून आत गेलो आणि गॅससमोर नुसता उभा राहिलो. बायकोनं विचारलं काय झालं, तर साखर सापडत नाही म्हणालो. साखर समोर होती. सत्तरी ओलांडली तरी खोटं माझ्या तोंडात किती सहज येतं, पाहा.

तुम्ही जाऊन तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत तुम्हाला लिहावं असं अनेकदा वाटलं, आणि दर वेळी दुसरं काहीतरी काम निघालं. आता काम उरलं नाही, डोळे अधू झाले, स्टुडिओ बंद करून त्या जागी मोबाईलचं दुकान आलं. तेव्हा बसलोच आहे तर सगळं सांगतो.

शाळेत तुम्ही मला एकदाच रागावलात. नववीत होतो. तेव्हा आपला जिल्हा परभणी, हिंगोली नुसतं तालुक्याचं गाव, आणि गोरेगावच्या पुढच्या आपल्या शाळेत विज्ञानाच्या खोलीत एक स्टोव्ह, दोन काचेची भांडी आणि एक तापमापी. पाणी उकळायला ठेवून किती अंशावर उकळतं ते वहीत लिहायचं होतं. तापमापी अठ्ठ्याण्णवच्या जरा पुढं जाऊन थांबली. मी शंभर लिहिलं, कारण पुस्तकात शंभर होतं. तुम्ही वही हातात घेतलीत, तापमापीकडं पाहिलंत आणि सगळ्या वर्गासमोर विचारलंत, "पाणी तू पायलं का पुस्तकानं?" तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "जे दिसलं तेच लिहायचं, बाबा. आपलं चुकलं असंल तर चुकलेलं लिहायचं. पण न पायलेलं लिहायचं न्हाई, आन पायलेलं पुसायचं न्हाई." मला त्या दिवशी राग आला होता. शंभर लिहिणाऱ्या बाकी पोरांनाही तुम्ही सोडलं नाहीत, पण मला वाटलं मी तांड्यावरचा म्हणून माझ्यावर आधी हात टाकला. तुमच्याबद्दल असा विचार करणं म्हणजे हद्द होती. तुम्हाला स्वतःला गावात कोणी भाड्यानं खोली दिली नव्हती, म्हणून तर मास्तर असूनही तुम्ही बौद्धवाड्याच्या टोकाला दोन खोल्यांत राहत होता.

मॅट्रिकला मी इंग्रजीत दोनदा आपटलो. बापानं बैलांच्या मागं लावायचं ठरवलं होतं. तेव्हा तुम्ही मला घेऊन एसटीनं हिंगोलीला आलात आणि तुमच्या ओळखीच्या स्टुडिओच्या मालकापुढं उभं केलंत. मालक म्हातारा, तोंडात पान, बोलणं सगळं दख्खनी. त्यानं माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "हाथ कांपता तो नईं?" तुम्ही म्हणालात, पोरगं गरीब आहे पण हात स्थिर आहे, जबाबदारी माझी. तुमच्या त्या एका शब्दावर मी जन्मभर भाकरी खाल्ली.

मालकानं मला टचिंग शिकवलं. हे काम तुम्ही कधी नीट पाहिलं नाहीत, म्हणून सांगतो. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. तेव्हा निम्म्या माणसांच्या तोंडावर देवीचे वण. लग्नाच्या मुलीचा फोटो काढला की तिच्या गालावरचा एकेक वण निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं भरायचा, म्हणजे कागदावर गाल दुधावरच्या सायीसारखा. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्याच्या मिशीतले पांढरे केस निगेटिव्हवर काळ्या रेघा होऊन दिसायचे, त्या ब्लेडच्या टोकानं खरवडून काढायच्या, म्हणजे मिशी काळीभोर. ओरखडा, केस, धाग्याचा डाग, जे काही आगाऊ दिसेल ते खरवडायचं. मालकाचा नियम असा की हात फिरवल्याशिवाय एकही निगेटिव्ह दुकानाबाहेर जायची नाही, आणि हात फिरवलाय हे गिऱ्हाइकाला कळता कामा नये. मी या कामात लवकरच पटाईत झालो. हिंगोलीत किती मुलींची लग्नं माझ्या पेन्सिलीनं जमली याचा हिशेब नाही, आणि पुढं त्यांच्या नवऱ्यांनी मला किती शिव्या दिल्या असतील याचाही नाही.

तुमचा कॅमेरा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं. बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली असतील. तुम्ही भंगारातून जीपच्या चाकाचं चकचकीत झाकण आणलं, राखेनं घासून आरशासारखं केलं आणि शाळेच्या गच्चीवर बसलेल्या कासवासारखं, फुगीर बाजू वर करून ठेवलं. त्याच्या फुगीर पोटात सगळं आभाळ एका वेळी दिसायचं, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत. वर लोखंडी सळयांच्या तिकाटण्यावर तुमचा डबा कॅमेरा खाली तोंड करून बांधलेला, जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून त्याच्यापुढं तुमच्या आईच्या जुन्या चष्म्याची काच मेणानं चिकटवलेली, आणि शटर दोन तास उघडं राहावं म्हणून त्याला दोरा व दोऱ्याला अर्धी वीट. रोज जेवण झालं की तुम्ही रेडिओवर घड्याळ लावून घ्यायचे, गच्चीवर जायचे, वीट सोडायचे आणि वहीत लिहायचे: उघडले, इतके वाजून इतकी मिनिटे. मग शेजारी घोंगडी टाकून आभाळ पाहत पडायचे. गाव म्हणायचं, मास्तर चांदण्या राखून राहिले.

बारा फोटो झाले की रीळ काळ्या कागदात, वर फडक्यात गुंडाळून एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचे आणि तो ती मला स्टुडिओत आणून द्यायचा. मी धुवायचो. सुट्टीत घरी आलो की तुमच्या चुलीसमोर बसून आपण कॉप्या पाहायचो. बाई, म्हणजे तुमच्या मंडळी, ज्वारीच्या भाकरी थापायच्या, तव्यावरची पहिली मला मिळायची, आणि तुम्ही पिठाचं बोट लागू न देता तो गोल फोटो उजेडाकडं धरायचे. मधोमध कॅमेऱ्याच्या तीन टांगांची सावली, कडेला शाळेच्या जुन्या खोल्यांची कौलं आणि लिंबाचा शेंडा, आणि सगळीकडं ताऱ्यांच्या वाकड्या रेघा, ध्रुवाभोवती फिरलेल्या. बाई म्हणायच्या, ह्यात काय पाहायचं एवढं, रांगोळी विस्कटल्यावाणी दिसतंय. तुम्ही म्हणायचे, रोज विस्कटते आणि रोज तशीच विस्कटते, हेच तर पाहायचं. एखाद्या दिवशी यात सरळ रेघ येईल. तारे वाकडे जातात, सरळ जाते ती उल्का. मोठी आली तर कुठून आली, कुठं पडली हे मोजता येतं, असं शहरातल्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी तुम्हाला कळवलं होतं. त्यांचं ते कार्ड तुम्ही वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवून ठेवलं होतं. मी विचारलं होतं की तुम्ही डोळ्यांनी पाहताच की, मग फोटोची दगदग काहून? बाई तेव्हा पाणी आणायला गेल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "आपल्या तोंडच्या शब्दाला गावात किती किंमत हाय ते तुला म्हाईत हाय, मलाबी म्हाईत हाय. फोटोला कोणी जात इचारत न्हाई."

तीन वर्षं सरळ रेघ आली नाही. ती आली मार्गशीर्षात. जेवणं नुकतीच झाली होती, तुम्ही शटर उघडून घोंगडीवर टेकलाही नव्हता, असं तुम्ही मला नंतर सांगितलंत. वायव्येकडून एक गोळा आला, अंगणातली भांडी लख्ख दिसावीत एवढा उजेड पडला आणि औंढ्याच्या बाजूला जाऊन तो विझला. थोड्या वेळानं ढग नसताना गडगडलं. तुम्ही लगेच वहीत त्याचीही वेळ लिहिलीत. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की तुमची सायकल निघायची. साखऱ्याचा एक मेंढक्या, गोरेगावच्या बाजाराहून परतणारे दोघं, आमच्या तांड्यावर माझा बाप, ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांना तुम्ही त्याच जागी उभं करून हात करायला लावला आणि शाळेचा मोठा लाकडी कोनमापक त्याला दोरा नि दगड बांधून हाताला लावलात. माझा बाप गावात कोणी विचारलं नाही असा माणूस. मास्तरांनी माझा हात मोजला हे तो वर्षभर सांगत होता. या सगळ्या हातांच्या दिशा, आणि तुमच्या फोटोतली रेघ. रेघ मिळाली की प्राध्यापक स्वतः येणार होते, दगड शोधायला.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. रिळेबरोबर तुमची चिठ्ठी आली त्यात एवढंच होतं: रीळ जपून धुवावी, सातव्या फोटोची मोठी कॉपी करावी, बाहेर पाठवायची आहे. रेघेबद्दल अक्षर नाही. ही तुमचीच पद्धत होती. काय दिसायला हवं ते आधी सांगितलं तर माणसाला तेच दिसतं, असं तुम्ही म्हणायचे. मी रीळ धुतली. छान धुतली गेली. बाकी अकरांवर मी हात फिरवायचो नाही, ते तुमच्या घरचंच काम होतं. पण सातवी बाहेर जाणार होती. शहरात कोणी मोठा माणूस ती पाहणार, मागं आमच्या स्टुडिओचा शिक्का पाहणार, आणि तुमचा विद्यार्थी कसा काम करतो हे त्याला कळणार. मी ती टचिंगच्या काचेवर लावली. ताऱ्यांच्या रेघा सगळ्या सुबक, वाकड्या, आणि त्यांना आडवी छेदत एका कडेपासून एक सरळ काळी रेघ. ओरखडा. मी नवी ब्लेड घेतली, टोक तोडलं, आणि मिशीतला पांढरा केस काढावा तशी ती रेघ खरवडून काढली. मग ताऱ्यांच्या तुटलेल्या रेघा पेन्सिलीनं एकेक जोडल्या. दीड तास लागला. मालकानं कॉपी पाहिली आणि म्हणाला, "वाह." तो सहसा वाह म्हणत नसे.

रविवारी तुम्ही स्वतः आलात. पहिल्या गाडीनं, स्वच्छ सदरा, हातात प्राध्यापकांना पाठवायचं मोठं पाकीट तयार. मी कॉपी पुढं ठेवली. तुम्ही खिशातलं भिंग काढलं आणि वायव्येकडून सुरू केलंत. मी तुमच्या तोंडाकडं पाहत होतो, शाबासकीची वाट पाहत. तुम्ही भिंग त्याच वाटेनं दुसऱ्यांदा फिरवलंत, मग तिसऱ्यांदा. मग शांतपणे त्या रात्रीचं सगळं सांगितलंत, आणि मला कळलं. तुम्ही विचारलंत, "फिल्मवर आणखी काही व्हतं का रे? सरळ, आडवं?"

मालक पडद्याआड होता. तुमच्याच जबाबदारीवर मला ठेवलेलं होतं. दोन शब्द बोलायचे होते, सर. मी म्हणालो, "न्हाई सर. व्हतं ते एवढंच."

तुम्ही माझ्यावर शंका घेतली असती तर मी कदाचित बोललो असतो. तुम्ही शंका स्वतःवर घेतलीत. बाकावर बसून तुम्ही वही उघडलीत आणि मलाच समजावून सांगू लागलात: शटर उघडं असताना एवढा उजेड गेला तर रेघ उमटणारच. उमटली नाही, म्हणजे शटर नंतर उघडलं. आधी उजेड गेला, मग मी वीट सोडली, आणि गडबडीत वहीत उलटं लिहिलं. "पाच मिनिटाची गोष्ट, पण वही खोटी झाली ना," तुम्ही म्हणालात. ज्याची वही एकदा चुकली त्याची साक्ष कोणी कशाला घ्यावी, आणि त्याच्या हातानं मोजलेले दुसऱ्यांचे हात तरी काहून खरे धरावे. माझ्याकडंच पेन मागितलंत. काउंटरवर पोस्टकार्ड लिहिलंत की माझ्या नोंदीत चूक आढळली आहे, आपण येण्याची तसदी घेऊ नये, क्षमस्व. परतीची गाडी चुकेल म्हणून ते कार्ड पेटीत टाकायला माझ्याजवळ दिलंत. मी ते संध्याकाळपर्यंत खिशात ठेवलं आणि मग टाकलं. न टाकण्याची अक्कल सुचली होती, धाडस झालं नाही.

पुढं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, पण मला जे दिसलं ते सांगतो. होळीच्या सुट्टीत मी आलो तर गच्चीवर तिकाटणं नव्हतं. बाई म्हणाल्या, आता लवकर झोपतेत. तांड्यावर बाप माझ्याशी भांडला. म्हणाला, म्या या डोळ्यांनी पायलं, आन तुजे मास्तर येऊन म्हणतेत की मोजणी रद्द. फोटोत न्हाई आलं म्हंजी झालंच न्हाई का? मी बापाला म्हणालो की मास्तरांना जास्त कळतं. बापाचा शब्द मी असा खाली पाडला, तोही तुमचं नाव घेऊन. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला चांदण्या रात्री बाहेर झोपवत नसे, आणि काळोख्या रात्री तर नाहीच. मग मी तुमच्याकडं येणं कमी केलं. सुट्टी मिळत नाही म्हणून कळवायचो. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी औंढ्याला एका लग्नाच्या ऑर्डरवर होतो. ऑर्डर सोडून येता आलं असतं. आलो नाही. सुतकातल्या घरात बाईंच्या समोर बसायची माझी हिंमत नव्हती.

तुमची मुलगी गेल्यावर मी वही उघडली. त्या रात्रीच्या नोंदीवर तुम्ही एकच सरळ रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी. समासात लिहिलंय: वेळ भरवशाची नाही. नंतरच्या महिन्याच्या पाच-सहा नोंदी आहेत आणि पुढं पानं कोरी. पहिल्या पानावर, तीन वर्षांच्या सगळ्या नोंदींच्या वर, तांबड्या पेन्सिलीनं तेच वाक्य पुन्हा लिहिलंय. एका रात्रीपायी तुम्ही हजार रात्री खोट्या ठरवल्यात. तुमच्याइतका कडक माणूस मी पाहिला नाही, आणि तो कडकपणा मी तुमच्यावरच वापरून घेतला. सातव्या निगेटिव्हचं पाकीटही सापडलं. तिरप्या उजेडात धरली असती तर खरवडलेली जागा तुमच्या भिंगाला लगेच दिसली असती. पण पाकीट मी डिंकानं चिकटवलं होतं तसंच आहे. तुम्ही ते कधी फोडलंच नाही. मी सांगितलं होतं ना, होतं ते एवढंच.

मुलगी परवा उत्तर न्यायला येणार आहे. वही ठेवा असं मी सांगणार आहे. काहून ठेवा, असं ती विचारेल, कारण पहिल्याच पानावर बापानं भरवशाची नाही म्हणून लिहिलेलं तिनं वाचलंय. तिला काय सांगायचं हे या चार दिवसांत ठरलं नाही. हे पत्रच तिच्या हातात द्यावं असंही मनात आलं. देणार नाही. आत्तापर्यंत यात मी जे लिहिलं ते वाचून तिला वाटेल की बिचाऱ्यानं नकळत केलं, कामाच्या सवयीनं केलं, आणि ती मला माफ करेल. ती तुमची मुलगी आहे.

म्हणून राहिलेलं सांगतो. कडेपासून खरवडत मी मध्यापर्यंत आलो तेव्हा रेघ जाड व्हायला लागली होती. पुढं ती फुगली होती आणि तिच्या पोटात दोन गाठी होत्या. ओरखडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असतो, हे मला मालकानं पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मी हात थांबवला, सर. अर्धं मिनिट तरी थांबलो. रेघ कशाची आहे ते मला कळलं होतं. पण अर्धी खरवडलेली निगेटिव्ह मालकाला दाखवायची म्हणजे बोलणी खावी लागली असती, म्हणून मी उरलेली अर्धीही काढली.